उकिरड्यापुढचं भाषण

आमच्या गावात बस येत नव्हती आणि त्याचं कारण उकिरडे होते. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो, पण गावात कुणाला त्याचं हसू येत नव्हतं.

कंधारच्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. बस तिथं थांबायची आणि पुढं निघून जायची. फाट्यापासून गाव आत, चांगली अर्ध्या तासाची चाल. रस्ता डांबरी झाला तेव्हा गावातली चार माणसं डेपोत जाऊन साहेबांना भेटून आली. साहेब म्हणाले, बस द्यायला आमची ना नाही, पण गावात शिरल्यावर ती वळणार कुठं? उलटी तर फाट्यापर्यंत नेता येत नाही.

गावात शिरताना डाव्या हाताला ऐसपैस मोकळी जागा होती. म्हणजे ती मोकळी असायला पाहिजे होती. तिच्यावर गावाचे उकिरडे होते. जागा पंचायतीची, पण उकिरडा ज्याचा त्याचा. आज्यानं जिथं शेणाची पहिली पाटी टाकली तिथंच नातवानं टाकायची. शेताच्या बांधावरून आमच्याकडं भांडणं होतात तशीच उकिरड्याच्या हद्दीवरूनही होतात. दिवाळीत आम्ही बाया उकिरड्यावर दिवा लावतो. उन्हाळ्यात खत शेतात जातं, पण बूड राखून ठेवतात, जागेवरचा हक्क मोडू नये म्हणून. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फळतं म्हणतात. आमच्या गावात उकिरड्यांना इतकी वाट बघावी लागत नव्हती.

त्यात सगळ्यांत मोठा उकिरडा आमचा. म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा आणि आमचा मिळून. आम्ही वेगळं राहायला लागलो तेव्हा चूल वाटली, भांडी वाटली, जनावरं वाटली. उकिरडा तेवढा एकत्र राहिला, आणि त्याचे मालक थोरले दीर.

माझी लेक दहावी झाली. गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर कंधारला. सासरे गेल्यापासून घरात शब्द चालतो तो थोरल्या दिरांचा. ते म्हणाले, फाट्यापर्यंत पोरीला एकटी चालत पाठवायची नाही, वाटेत दारूचा अड्डा आहे. हे त्यांचं बरोबरच होतं. बस दारात आली तर शिकू दे, म्हणाले. न्हाईतर लातूरकडचं एक स्थळ आलंय, माणसं चांगली आहेत, आत्ता बोलून ठेवू आणि अठरा झाली की लग्न करू. आणि हे सगळं ते आपल्या उकिरड्याशेजारच्या दगडावर बसून, दात घासत सांगत होते. बस का येत नाही आणि आपण कशाशेजारी बसलो आहोत, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मला तो संबंध दिसत होता, पण मी बोलणार कशी? थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर तोंडावर येतो आणि पदराबरोबर तोंड बंद होतं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. पण एका अंगणात राहायचं तर मुकं राहून भागत नाही. म्हणून मध्ये कुणीतरी लागतं. लेकरू असलं तर लेकरू, नसलं तर मांजर. मी म्हणते, मांजरी, चहा निवून चाललाय. आणि ते चहा घेतात. ते म्हणतात, शेळे, आज बाजारातून काय आणायचं? मी शेळीला सांगते, मीठ आणि गूळ. शेळी आपला पाला खात असते. परका माणूस आला तर त्याला वाटावं, या घरात जनावरांना फार मान आहे, सगळं त्यांना विचारून चालतं.

शाळेतल्या बाई नांदेडहून स्कूटीवर ये-जा करतात. त्यांना पोरींची कळकळ. डेपोचे साहेब उन्हाळा संपायच्या आत जागा बघायला येणार आहेत, हे त्यांनीच कळवलं. जागा मोकळी नसली तर ती बस दुसऱ्या गावाला जाणार. बाईंनी ठरवलं की मारुतीच्या पारावर सभा घ्यायची आणि पोरींच्या आयांपैकी एकीनं बोलायचं. सरपंच आणि गुरुजी पुष्कळदा बोलून झाले होते. त्यांचं बोलणं सुरू झालं की माणसं तंबाखू मळायला घेत.

पण बोलणार कोण? एकीला त्याच दिवशी ताप येणार होता. एकीला माहेरी जायचं होतं. एक म्हणाली, मालकाला विचारते. मालक म्हणाले, विचारू नको. मग बाई माझ्याकडं आल्या.

मी चौथी शिकलेली. दुकानात "साखर द्या" म्हणायच्या आधी मला दोनदा आवंढा गिळावा लागतो. हे मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मी तुमचा आवाज ऐकला आहे.

त्यांनी तो ऐकला होता मयताच्या घरी. आमच्याकडं माणूस गेलं की बाया गळ्यात गळा घालून हेल काढून रडतात. गेलेल्याचं एकेक आठवून, सुरात सांगत रडायचं. एकीनं हेल काढला की दुसरीनं धरायचा. जवळ बसून न धरणं म्हणजे दगडाच्या काळजाची. माझं माहेर लातूरकडचं. तिकडचा हेल लांब असतो, वळणं घेत जातो. इकडच्या बाया आखूड रडतात आणि लवकर उरकतात. मला मयताच्या घरी भीती वाटत नाही, कारण तोंडावर पदर असतो आणि कुणी बघत नसतं. तिथं माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. कुठं कुणी गेलं की मला बोलावणं येतंच. हिच्याबिगर मयताला शोभा न्हाई, असं एकदा एक बाई माझ्यादेखत म्हणाली. एवढं कौतुक माझं दुसऱ्या कशासाठी झालेलं नाही.

बाई म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्या आजोबांना मी ओळखतही नव्हते, तरी तुमचं ऐकून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाषण तसंच पाहिजे. लोकांचं काळीज हललं की हात आपोआप हलतात."

त्यांनी मला मोबाइलवर एका माणसाचं भाषण दाखवलं. कोट घातलेला माणूस, इकडून तिकडं चालत बोलतो, मध्येच थांबतो. मला वाटलं विसरला बिचारा. बाई म्हणाल्या, विसरला नाही, मुद्दाम थांबलाय, त्यानं परिणाम होतो. मग तो डोळे पुसायला लागला आणि समोरची माणसंही पुसायला लागली. बाई म्हणाल्या, बघा.

लेकीनं मला भाषण तयार करून दिलं आणि पाठ करून घेतलं. पहिलेच शब्द होते "सन्माननीय व्यासपीठ". मी विचारलं, व्यासपीठ म्हणजे काय? म्हणाली, ज्याच्यावर उभं राहून बोलतात ते. मी म्हणाले, मग आपल्याकडं तर पार हाय. पाराला सन्माननीय म्हणायचं का? लेक कपाळाला हात लावून म्हणाली, आई, तू फक्त म्हण. भाकरी थापताना मी म्हणत राहिले. नवऱ्याला समोर बसवून म्हटलं तर तो व्यासपीठापाशीच पेंगला.

सभेच्या दिवशी सगळं गाव जमलं. बायांतली कुणी माइकवर बोलणार हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून कधी न येणारी माणसंही आली. थोरले दीर पुढंच बसले होते. सरपंचांनी माझ्या हातात माइक दिला. मी तोंड उघडलं तर माइकनं शिट्टी मारली. समोर इतकी तोंडं आणि सगळी माझ्याकडं. सन्माननीय पार म्हणू की व्यासपीठ म्हणू, तेवढंही सुचेना. बाई खालून खुणा करत होत्या की बोला, मनातलं बोला. मी थांबले. फार वेळ थांबले. बाईंना वाटलं, परिणामासाठी थांबले.

मग मला तेवढं एकच सुचलं, की तोंड झाकावं. मी पदर तोंडावर ओढला. आणि पदराच्या आतल्या अंधारात माझं तोंड जे बोलायला शिकलेलं होतं तेच बोलायला लागलं.

"अगं माझ्या लेकीऽऽ, तुला शाळेत कोण नेईल गंऽऽ, तुझी बस फाट्यावरनं फिरली गंऽऽ..."

तो पूर्ण माहेरचा हेल होता, त्यात माइक. आवाज पार फाट्यापर्यंत गेला असं नंतर कळलं. समोरच्या बायांनी क्षणभर ऐकलं आणि मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या आज्जीनं हेल धरला. आज्जी म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत मोठी बाई, मयताच्या घरी तिच्याआधी कुणी रडायचं थांबत नाही. तिनं धरला म्हटल्यावर बाकीच्या कशा राहतील? सगळ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या. सरपंच रुमाल शोधायला लागले. थोरले दीर धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होते, हे मी पदराच्या फटीतून बघितलं आणि मला वाटलं, जमलं. अजून जोर लावला.

मग आज्जी उठली. पारावर आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मयताच्या घरी शेवटी जे म्हणायचं असतं ते माइकमध्ये म्हणाली, "उगी बाई, उगी. आलेलं जायचंच. देवाच्या मर्जीपुढं आपलं काय हाय? मागच्यांकडं बघून राहायचं." कुणीतरी मला चूळ भरायला तांब्यातून पाणी दिलं. बायांनी डोळ्यांना पाणी लावलं. मग सगळे उठले आणि मागं वळून न बघता, हळू पावलांनी आपापल्या घरी गेले. आमच्यात मयताच्या घरून निघताना मागं बघत नाहीत.

उकिरड्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण फडक्यात भाकरी आणि पिठलं घेऊन आली. तिच्यामागून आणखी एक आली. आमच्याकडं दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे घास आणून देतात. मी म्हणाले, अगं माझी चूल पेटलीय. ती म्हणाली, असू दे, घशाखाली उतरत नसंल तुझ्या. शेजारच्या गावची एक बाई, माइकचा आवाज ऐकून, पायी चालत आली आणि दारातच पदर तोंडाला लावून विचारायला लागली, कोण गेलं? माझा नवरा ओसरीवर बसला होता. तो म्हणाला, "कुणी न्हाई, मावशी. भाषण झालं." ती म्हणाली, बरं झालं बाई, लई सोसलं असंल. आणि बसून चहा घेऊन गेली.

नवरा फार बोलणारा नाही, पण त्या दिवशी पिठलं खाता खाता म्हणाला, "लई भारी झालं. जन्माला यायच्या आधी बस मेली आणि गावानं सुतक धरलं."

बाई शाळेतून धावतच आल्या. म्हणाल्या, सगळे रडले, सगळे, मी असं भाषण बघितलं नाही. मग म्हणाल्या, उकिरडे कधी उचलताहेत?

मी म्हणाले, उकिरडे तिथंच हायत.

बाई ओट्यावर बसल्या. आम्ही दोघींनी शेजारणीची भाकरी खाल्ली.

मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला. रडून झालं की अंग हलकं होतं. माणसाला वाटतं, काहीतरी केलं. आणि खरं सांगायचं तर त्या सभेत माझ्या लेकीसाठी कुणी रडलं नव्हतं. आज्जी तिच्या थोरल्या लेकासाठी रडली. शेजारीण तिच्या आईसाठी रडली. मी हेलात लेकीचं नाव घेत होते, पण तिसऱ्या ओळीपासून मला माझा बाप दिसत होता. प्रत्येकानं आपापलं मढं आठवलं, त्याला पाणी दिलं आणि घर गाठलं. माझ्या लेकीची वाट मोकळी करायची तर त्यांना दुसऱ्याच कुठल्या गोष्टीनं हलवायला पाहिजे होतं. कुठल्या, ते मला कळत नव्हतं.

तोवर लातूरकडच्या पाहुण्यांचा निरोप आला की रविवारी पोरगी बघायला येतो. थोरल्या दिरांनी तो शेळीला सांगितला. पोहे आणून ठेवा, म्हणाले. डेपोचे साहेब शनिवारी येणार होते. लेक दिवसभर तिची पुस्तकं धाकट्या चुलत बहिणीला देऊ का नको, असं करत होती. पिशवीत भरायची, बाहेर काढायची.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर गेले. ती वेळ म्हणजे गावाची गर्दीचीच. बाया पाट्या घेऊन येतात, माणसं दात घासत उभी असतात, कुणी तांब्या घेऊन चाललेलं असतं. थोरले दीर त्यांच्या दगडावर बसले होते, पायाशी कुत्रं. मी पदर ओढला, पाटी पालथी केली. आणि निघणार, तेवढ्यात पाटी हातातच राहिली. मांजर नव्हतं, शेळी नव्हती, लेकरू नव्हतं. समोर उकिरडा होता. मी त्यालाच म्हणाले,

"उकिरड्या, तू लई नशिबाचा रे बाबा."

मागं कुणीतरी खुसकन हसलं. मला ते बरं वाटलं. माझं तोंड उकिरड्याकडं होतं, पाठ माणसांकडं, आणि पदर होता.

"तू नुसता बसून असतोस. न काम, न धंदा. तरी तुला कुणी ऊठ म्हणत न्हाई. तुझी जागा आज्यापासून कायम. माझी लेक पहाटे उठून शेण काढते, तुझ्यावर आणून टाकते, त्यावर तू पोसतोस. आन् तिलाच ह्या घरात जागा न्हाई. ती अठरा वर्षांची झाली की लातूरकडं. तू का जात न्हाईस लातूरकडं? तुला बघायला का पाहुणे येत न्हाईत?"

आता उघड हसू फुटलं. शेणाच्या पाट्या खाली ठेवून बाया थांबल्या. थोरले दीर दात घासायचे थांबले. मग त्यांनी कुत्र्याकडं बघून सांगितलं, "कुत्र्या, तिला म्हणाव, उकिरडा बापजाद्याचा हाय. तो हलायचा न्हाई."

मी म्हणाले, "उकिरड्या, बापजाद्याचं काय सांगतोस? तुझा बाप कोण ते मला ठाव हाय. आमच्या गोठ्यात बांधलाय."

मागं माणसं खोकल्यासारखी हसायला लागली. एकानं हसता हसता गिळू नये ते दातवण गिळलं. थोरल्या दिरांनी कुत्र्याला दटावलं, "कुत्र्या, गप बस." कुत्रं गपच होतं.

"मी गप बसते," मी उकिरड्याला म्हणाले. "एवढ्या दिवसांत मी कधी बोलले का? पण बस आली तर पोर शिकंल, असा शब्द दिलाय घरातल्या मोठ्या माणसानं. बस येतीया. वळायला जागा द्या म्हणतीया. तिच्या वाटंत कोण बसलंय? दारूचा अड्डा न्हाई. तूच बसलायस. आन् तुझ्यापायी मोठ्या माणसाचा शब्द खोटा पडून राहिला. तुला लाज वाटत नसंल. मला वाटतीया."

हे बोलले आणि माझं मलाच भ्यायला झालं. कुणी हसलं नाही. थोरले दीर खाली बघत होते. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, संपलं. तेवढ्यात शेजारच्या उकिरड्याचा मालक, जाड मिशांचा एक माणूस, आमची फजिती बघून खुशीत हसला. आमच्या उकिरड्याच्या हद्दीवरून त्याचं आणि दिरांचं जुनं वाकडं.

मी तशीच, पदर न काढता, त्याच्या उकिरड्याकडं वळले. "तू का हसून राहिलास? तुझ्या घरच्या दोन पोरी फाट्यापर्यंत चालत जातात. तुझ्या मालकानं परवा माझं रडणं ऐकून टोपी काढली होती. डोक्यावरची टोपी काढायला जड गेली न्हाई, तुला काढायला जड जातंय."

आता हसू सगळीकडं पसरलं आणि त्याचबरोबर जो तो मागं सरकायला लागला. पुढचा उकिरडा कुणाचा, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. हसायचंही होतं आणि नंबर लागायच्या आत निसटायचंही होतं. मी लिंबाखालच्या उकिरड्याकडं वळले तर आज्जी पुढं झाली आणि दोन्ही हात आडवे धरून म्हणाली, "माझ्याला काई बोलू नको गं. तो गरीब हाय. त्याला मी आजच नेते."

तिथून पुढं मला दुसऱ्या कुणाच्या उकिरड्याला बोलावं लागलं नाही.

थोरले दीर उठले. चूळ भरली. कुत्र्याकडं बघत म्हणाले, "कुत्र्या, तिला विचार, एवढा माल टाकायचा कुठं?" मी माझ्या उकिरड्याला सांगितलं की शेतात न्यायचा, न्हाईतरी पावसाच्या आधी खत पडायलाच पाहिजे, आणि नवा खड्डा गोठ्याच्या मागं करायचा, म्हणजे पाटीही लांब न्यावी लागणार न्हाई. दिरांनी थोडा विचार केला. मग शेजारच्या मिशाळ माणसाकडं बघून, कुत्र्याला मध्ये न घेता म्हणाले, "तुझा ट्रॅक्टर रिकामा हाय का?" तो म्हणाला, आधी माझा उचलणार. दीर म्हणाले, आधी माझा, माझा मोठा हाय. ते दोघं कोण आधी उचलणार यावर भांडायला लागले. कालपर्यंत कोण आधी उचलणार नाही यावर भांडत होते.

त्या दिवशी गावाला जो वास सुटला तो सांगण्यासारखा नाही. बूड खणून निघालं तेव्हा त्यातून पितळी वाटी निघाली, कुणाची तरी जुनी विळी निघाली, आणि आज्जीच्या उकिरड्यातून तिच्या सासूनं हरवली म्हणून शिव्या घातलेली पळी निघाली. आज्जी ती पळी घेऊन गल्लीभर फिरली, की बघा, मी घेतली नव्हती. सासू जाऊन कैक वर्षं झाली होती. मुरूम टाकला, जागा सपाट केली. बाईंनी शाळेतली पोरं आणली नाहीत, स्वतःच ओढणी कमरेला बांधून टोपलं उचलत होत्या. मला म्हणाल्या, मी तुम्हाला सांगणारच होते, भाषणात एका माणसाकडं बघून बोलावं. मी म्हणाले, मी तर कुणाकडंच बघितलं न्हाई.

शनिवारी डेपोचे साहेब नाकाला रुमाल लावून आले. जागेवरून चालत फिरले. जागा ठीक आहे म्हणाले, वास जाईल ना? सरपंच म्हणाले, पाऊस पडला की जाईल. रविवारी लातूरकडचे पाहुणे आले. पोहे खाल्ले. थोरल्या दिरांनी त्यांना सांगितलं, पोरगी शिकायला जाणार हाय, बारावी झाल्यावर बघू. पाहुणे वाईट नव्हते. गावात शिरताच एवढा वास कसला, एवढंच त्यांनी विचारलं.

नंतर काही दिवस बाया येऊन मला सांगायच्या की आमच्या टीव्हीला जरा बोला, आमच्या मालकाच्या गुटख्याच्या पुडीला बोला. मी गेले नाही. दर वेळी जमेल असं मला वाटत नाही.

शाळा-कॉलेजं सुरू झाली आणि पहिल्या दिवशी बस आली. मुरमावर गोल फिरली, एकदा मागं घ्यावी लागली, पण वळली. कुणीतरी नारळ फोडला. लेक नव्या ड्रेसवर चढली आणि बसमध्ये दिसेनाशी झाली, कारण बस आपल्या गावात आली हे आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांनाही कळलं होतं. सगळीकडच्या पोरी, कंधारचे बाजारकरी, अर्ध्या तिकिटात लेकीला भेटायला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळे आमच्याच गावी चढायला आले. लेक संध्याकाळी परत आली ती कुरकुरत. जाताना उभी, येताना उभी, पाय मोडले, म्हणाली. दप्तर फेकून तिनं भाकरी मागितली. मी भाकरी वाढली आणि तिची कुरकुर ऐकत बसले. मला ती संपू नये असं वाटत होतं.

थोरले दीर अंगणात होते, त्यांनीही ती ऐकली. दुसऱ्या दिवशी मी नव्या खड्ड्यावर पाटी टाकून आले तर ते घरात नव्हते. बस वळत होती. तिच्या खिडकीखाली, धावत, धोतराचा सोगा एका हातात धरून थोरले दीर, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत फेकला, पुढच्या सीटवर. मग दाराशी उभे राहून ते वाड्या-तांड्यांवरच्या पोरींना आणि बाजारकऱ्यांना दटावत होते की ती जागा धरलेली आहे.

तेव्हापासून रोज सकाळी ते तिथं असतात. कुणी विचारलं, टॉवेल कुणाचा, तर सांगतात, कॉलेजच्या पोरीचा.